हिवाळी ऑलिंपिकचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी फेब्रुवारी उजाडला की माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात. कॉलेजातल्या भाच्यांकडून, ऑफिसातल्या मित्रांकडून, आणि आता तर रात्री जागून सामने बघणाऱ्या माझ्या आत्याकडूनही. मी या स्पर्धा बरीच वर्षं मनापासून बघत आलोय, त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहून काढलं. लोक ज्या क्रमानं विचारतात साधारण त्याच क्रमानं प्रश्न ठेवले आहेत. आत्याचा प्रश्न तेवढा शेवटी आहे.

हिवाळी ऑलिंपिक म्हणजे हिवाळ्यात भरणारं ऑलिंपिक, एवढंच ना?

नाही. बर्फावर किंवा हिमावर खेळला जातो तोच हिवाळी खेळ, असं ऑलिंपिक सनदच सांगते. म्हणून थंडीत खेळता येणारं बॅडमिंटन किंवा बुद्धिबळ इथे येऊ शकत नाही. मराठीत आपण दोन्हीला सरसकट बर्फ म्हणतो, पण इथे फरक कळायला हवा. आकाशातून पडतं ते भुसभुशीत हिम. त्यावर स्कीइंग, स्की जम्पिंग, स्नोबोर्डिंग, आणि स्कीइंगबरोबर नेमबाजी असलेली बायथलॉन. पाणी गोठून होतो तो काचेसारखा टणक बर्फ. त्यावर स्केटिंग, आइस हॉकी, कर्लिंग आणि बॉबस्ले, ल्यूज, स्केलेटन या घसरगाड्यांच्या शर्यती.

या स्पर्धेच्या शंभर वर्षांत राजकारण आहे, पैसा आहे, देशादेशांचे हट्ट आहेत. पण आयोजकांची झोप सगळ्यात जास्त वेळा उडवली ती हवामानानं. म्हणून हा इतिहास बर्फाच्या बाजूनं वाचावा, असं मला वाटतं.

पहिलं हिवाळी ऑलिंपिक कधी आणि कुठे झालं?

२५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४, फ्रान्समधल्या शामोनी या गावात, माँ ब्लाँ शिखराच्या पायथ्याशी. गंमत अशी, की त्या बारा दिवसांत तिथे उतरलेल्या एकाही खेळाडूला आपण हिवाळी ऑलिंपिक खेळतोय हे माहीत नव्हतं. स्पर्धेचं नाव होतं 'आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह'. १६ देशांचे अडीचशेहून जास्त खेळाडू आले होते. पहिलं सुवर्णपदक अमेरिकेच्या चार्ल्स ज्यूट्रॉनं ५०० मीटर स्पीड स्केटिंगमध्ये मिळवलं. फिनलंडच्या क्लास थुनबर्गनं स्केटिंगमध्ये पाच पदकं नेली. आणि कॅनडाच्या हॉकी संघानं चेकोस्लोव्हाकियाला ३०-०, स्वीडनला २२-० आणि स्वित्झर्लंडला ३३-० असं हरवलं. हे आकडे छपाईची चूक नाहीत, मीही पहिल्यांदा वाचताना थांबलो होतो.

सप्ताह यशस्वी झाला तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं १९२५ मध्ये हिवाळी ऑलिंपिक स्वतंत्रपणे भरवायचं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी शामोनीचा सप्ताह हेच पहिलं हिवाळी ऑलिंपिक होतं असं मागाहून जाहीर केलं. आधी बाळ, मग दोन वर्षांनी बारसं.

सरळ 'ऑलिंपिक' हे नाव द्यायला अडचण काय होती?

अडचण उत्तरेकडच्या देशांची होती. स्वीडनमध्ये व्हिक्टर बाल्क यांच्या पुढाकारानं १९०१ पासून नॉर्डिक क्रीडास्पर्धा भरत होत्या. स्की ही त्या लोकांच्या रोजच्या जगण्यातली वस्तू, शेतावर जायला, शिकारीला, शाळेत जायला. आपल्या घरच्या खेळाचं ऑलिंपिक झालं की त्याची मालकी पॅरिस-लंडनकडे जाईल, आपल्या स्पर्धेला कोण विचारणार, ही भीती खरी होती, आणि मला ती समजते. विशेष म्हणजे बाल्क स्वतः आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होते. मधला मार्ग म्हणून 'सप्ताह' हे निरुपद्रवी नाव निघालं. शामोनीच्या पदकतक्त्यात नॉर्वे पहिला आणि फिनलंड दुसरा आला, तेव्हा विरोधाची धार आपोआप बोथट झाली. नॉर्डिक स्पर्धा मात्र १९२६ नंतर पुन्हा भरल्याच नाहीत. भीती खरीच ठरली म्हणायची.

१९२४ च्या आधी बर्फावरचे खेळ ऑलिंपिकमध्ये नव्हतेच का?

होते, उन्हाळी ऑलिंपिकमध्येच होते. लंडनला १९०८ मध्ये फिगर स्केटिंग झालं. पुरुषांत स्वीडनच्या उलरिक साल्कोनं सुवर्ण जिंकलं. त्याच्या नावाची उडी आजही स्केटर मारतात. १९२० मध्ये अँटवर्पला आइस हॉकीही आली. कॅनडाकडून खेळला तो विनिपेग फाल्कन्स नावाचा क्लब. त्यातले बहुतेक खेळाडू आइसलँडहून आलेल्या स्थलांतरितांची मुलं होती. तेच जिंकले.

एका खेळाडूला पदक पन्नास वर्षांनी मिळालं, हे खरं आहे?

खरं आहे, आणि या सगळ्या इतिहासातला माझा सर्वात लाडका प्रसंग हाच.

शामोनीच्या स्की जम्पिंगमध्ये कांस्यपदक नॉर्वेच्या थोरलेफ हाउगला दिलं गेलं. त्यानं त्या सप्ताहात तीन सुवर्णपदकं आधीच जिंकली होती. चौथ्या क्रमांकावर राहिला आंडर्स हाउगेन, जन्मानं नॉर्वेचाच, पण अमेरिकेत स्थायिक होऊन अमेरिकेकडून खेळणारा. पंचांच्या कागदावर दोघांत एका गुणाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी फरक होता. पुढे कितीतरी वर्षांनी नॉर्वेतल्याच जाणकारांनी जुने गुण पुन्हा मांडून पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की हाउगची बेरीज चुकली होती. खरं कांस्य हाउगेनचं होतं. तोवर हाउग जाऊन चार दशकं होत आली होती.

१९७४ मध्ये ऐंशी ओलांडलेला हाउगेन ओस्लोला आला आणि ते पदक त्याच्या हातात ठेवलं कुणी, तर हाउगच्या मुलीनं. आपल्या वडिलांच्या नावावरचं पदक, वडिलांच्या माघारी, ज्याचं त्याला परत करायचं. चूक शोधली नॉर्वेच्या लोकांनी, ती मान्य केली नॉर्वेनं, आणि परतही केलं नॉर्वेच्या लेकीनं. पदकतक्त्याच्या कुठल्याही रकान्यात न बसणारी ही गोष्ट आहे.

ऐनवेळी बर्फच पडला नाही तर काय करतात?

हा प्रश्न दुसऱ्याच ऑलिंपिकपासून छळतोय. १९२८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरित्झला फोन नावाचा आल्प्समधला गरम कोरडा वारा सुटला. ५० किलोमीटर स्कीइंगची शर्यत सकाळी सुरू झाली तेव्हा पारा शून्याच्या आसपास होता. शर्यत संपेपर्यंत तो २५ अंशांवर गेला. पायाखालचं हिम लोण्यासारखं झालं, स्कीला लावलेलं मेण निरुपयोगी ठरलं, कित्येकांनी शर्यत अर्ध्यात सोडली. १०,००० मीटरचं स्पीड स्केटिंग तर बर्फ वितळल्यामुळे रद्दच करावं लागलं.

१९६४ चं इन्सब्रुक याहून नवलाचं. डोंगराळ ऑस्ट्रिया, त्यातलं टिरोल, आणि तिथेच हिम नाही! शेवटी लष्कर बोलावलं. सैनिकांनी उंचावरून बर्फाच्या २०,००० लाद्या कापून बॉबस्ले आणि ल्यूजच्या मार्गावर आणल्या, स्कीइंगच्या उतारांवर ४०,००० घनमीटर हिम वाहून नेलं आणि ते हातापायांनी थापून बसवलं. आदल्या दिवसांत पाऊस झाला तेव्हा तेच काम पुन्हा. टीव्हीवर पांढराशुभ्र दिसणारा तो उतार म्हणजे शेकडो माणसांच्या पाठीचे कणे होते.

१९८० मध्ये लेक प्लॅसिडला पहिल्यांदा यंत्रानं बनवलेलं हिम वापरलं. बारीक पाण्याचे फवारे थंड हवेत दाबानं सोडायचे, ते जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. या हिमाचा कण नैसर्गिक हिमासारखा षट्कोनी पाकळीचा नसतो, गोळीसारखा असतो. त्यामुळे ते दाबलं की दाट बसतं, वेग जास्त मिळतो आणि पडलं तर लागतंही जास्त. २०१० मध्ये व्हँकूव्हरजवळच्या सायप्रस पर्वतावर ट्रक आणि हेलिकॉप्टरनं हिम आणावं लागलं, खाली पेंढ्याच्या गंजी रचून वर थर दिला. २०१४ साठी सोचीत आदल्या वर्षीचं हिम जाड आवरणाखाली झाकून उन्हाळाभर जपलं. आणि २०२२ मध्ये बीजिंगजवळच्या कोरड्या डोंगरांवर जवळपास सगळंच हिम यंत्राचं होतं.

हे दूर युरोप-चीनचं दुखणं नाही. २०२५ मध्ये गुलमर्गला हिम कमी पडलं म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा तिथला टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला.

स्पर्धा कधी रद्द झाल्या?

दोनदा, दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४० चं यजमानपद आधी जपानच्या साप्पोरोकडे होतं, मग सेंट मॉरित्झ, मग जर्मनीतलं गार्मिश-पार्टेनकिर्शेन असं फिरत राहिलं आणि शेवटी झालंच नाही. १९४४ चं इटलीतल्या कोर्तिना दाम्पेझ्झोला व्हायचं होतं. त्या दोघांनाही पुढे आपली पाळी मिळाली, कोर्तिनाला १९५६ मध्ये आणि साप्पोरोला १९७२ मध्ये. साप्पोरोचं ते आशियातलं पहिलं हिवाळी ऑलिंपिक. तिथे स्की जम्पिंगच्या छोट्या टेकडीवर सुवर्ण, रौप्य आणि कांस्य तिन्ही जपाननंच जिंकली.

१९९२ मध्ये झालं आणि लगेच १९९४ मध्येही झालं, ते कसं?

१९९२ पर्यंत हिवाळी आणि उन्हाळी ऑलिंपिक एकाच वर्षी व्हायची. प्रक्षेपणाचे हक्क विकत घेणाऱ्यांना आणि जाहिरातदारांना एका वर्षात दोन्ही झेपेनात, म्हणून १९८६ मध्ये दोन्हींत दोन वर्षांचं अंतर ठेवायचं ठरलं. फ्रान्सच्या आल्बेरव्हीलनंतर दोनच वर्षांत नॉर्वेचं लिलेहामर आलं.

हौशी आणि व्यावसायिक हा वाद काय होता?

ऑलिंपिकमध्ये खेळासाठी पैसे घेणाऱ्यानं यायचं नाही, असा दंडक अनेक दशकं होता. १९३६ मध्ये याच दंडकानं स्की शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना बाहेर ठेवलं, म्हणून ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या स्कीपटूंनी बहिष्कार टाकला. डोंगरातला मुलगा पोटासाठी स्की शिकवणार नाही तर काय करणार? श्रीमंतांच्या मुलांना हा नियम कधीच बोचला नाही.

१९७२ मध्ये समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज यांनी ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्झला स्पर्धेच्या तोंडावर घरी पाठवलं. स्की कंपन्यांकडून पैसे घेणं हे कारण. असे पैसे घेणारा तो एकटा नव्हता, शिक्षा मात्र एकट्याला झाली. व्हिएन्नात त्याच्या स्वागताला लाखाच्या वर माणसं रस्त्यावर उतरली. दुसरीकडे सोव्हिएत संघाचे हॉकीपटू कागदोपत्री सैन्यातले अधिकारी होते आणि वर्षभर हॉकीच खेळत. त्यामुळेच २२ फेब्रुवारी १९८० ला लेक प्लॅसिडमध्ये अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी त्यांना ४-३ असं हरवलं तेव्हा जग थक्क झालं. दोनच आठवड्यांपूर्वी सरावसामन्यात हीच पोरं १०-३ नं हरली होती. तो अंतिम सामना नव्हता, हे बरेच जण विसरतात. सुवर्णासाठी अजून फिनलंडला हरवायचं होतं, आणि तेही त्यांनी हरवलं. पुढे दंडक हळूहळू सैल झाला आणि १९९८ मध्ये नागानोला उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे हॉकीपटूही उतरले.

स्त्रियांना सगळे खेळ पहिल्यापासून खुले होते का?

मुळीच नाही. शामोनीत फक्त फिगर स्केटिंग. तिथे नॉर्वेची ११ वर्षांची सोन्या हेनी आठ जणींत शेवटची आली, आणि पुढची तिन्ही ऑलिंपिक सुवर्णपदकं तिनंच जिंकली. त्यानंतर एकेक दार किलकिलं होत गेलं. १९३६ मध्ये उतारावरचं स्कीइंग, १९५२ मध्ये लांब पल्ल्याचं, १९६० मध्ये स्पीड स्केटिंग, १९९२ मध्ये बायथलॉन, १९९८ मध्ये हॉकी, २००२ मध्ये बॉबस्ले.

सगळ्यात जास्त आडकाठी स्की जम्पिंगला झाली. स्त्रियांच्या शरीराला या उड्या सोसणार नाहीत, असं एकविसाव्या शतकातही जबाबदार माणसं बोलत होती. व्हँकूव्हरच्या स्पर्धेआधी जगभरच्या काही जम्परनी ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयात दाद मागितली. हा भेदभाव आहे, असं न्यायालयानं म्हटलं, पण कार्यक्रम ठरवणं आंतरराष्ट्रीय समितीच्या हातात असल्यानं आपण काही करू शकत नाही, असंही म्हटलं. शेवटी २०१४ मध्ये सोचीत जर्मनीच्या कारिना फोग्टनं या प्रकारातलं स्त्रियांचं पहिलं सुवर्ण जिंकलं. पुरुषांच्या पहिल्या सुवर्णानंतर नव्वद वर्षांनी. आणि जम्पिंग व स्कीइंग मिळून होणारा नॉर्डिक कम्बाइन्ड हा प्रकार २०२६ मध्येही फक्त पुरुषांसाठीच राहिला. याचं समर्थन मला आजवर पटलेलं नाही.

खिलाडूवृत्तीचं एखादं उदाहरण सांगाल?

युजेनियो मोंटी. इटलीचा बॉबस्लेपटू, कोर्तिनाच्या परिसरातला. जगज्जेतेपदं ढिगानं, पण ऑलिंपिक सुवर्ण नाही. १९६४, इन्सब्रुक, दोघांची बॉबस्ले. ब्रिटनच्या टोनी नॅश आणि रॉबिन डिक्सन यांच्या गाडीच्या मागच्या आसाचा बोल्ट तुटला. बोल्ट नाही तर शर्यत संपली. मोंटीची फेरी झालेली होती. त्यानं स्वतःच्या गाडीचा बोल्ट काढला आणि वर पाठवून दिला. ब्रिटननं सुवर्ण जिंकलं, मोंटीला कांस्य मिळालं. चौघांच्या शर्यतीत त्याच्या माणसांनी कॅनडाची गाडी दुरुस्त करायला हात लावला, आणि तिथेही कॅनडा पहिला, मोंटी तिसरा.

घरच्या वर्तमानपत्रांनी टीका केली. त्यावर त्याचं म्हणणं एवढंच होतं, की नॅश माझ्या बोल्टमुळे जिंकला नाही, तो सगळ्यात वेगात आला म्हणून जिंकला. चार वर्षांनी ग्रेनोबलच्या ऑलिंपिकमध्ये, वयाच्या चाळिशीत, मोंटीनं दोघांचं आणि चौघांचं अशी दोन्ही सुवर्णं घेतली. कोर्तिनाच्या बॉबस्ले मार्गाला त्याचंच नाव आहे. तो बोल्ट म्हणजे मुठीत मावेल एवढा लोखंडाचा तुकडा, पण या खेळाची आठवण निघाली की मला आधी तोच दिसतो.

साराएव्होचं नाव लोक हळहळून का घेतात?

१९८४ मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या साराएव्होनं फार प्रेमानं स्पर्धा भरवली. झेत्रा सभागृहात ब्रिटनच्या जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन यांच्या बर्फनृत्याला कलागुणांसाठी सगळ्या नऊ पंचांनी सहापैकी सहा गुण दिले. यजमानांच्या यूरे फ्रांकोनं देशाचं पहिलं हिवाळी पदक जिंकलं. आठ वर्षांनी बोस्नियाच्या युद्धात त्याच शहराला वेढा पडला, तो जवळपास चार वर्षं उठला नाही. ट्रेबेविच डोंगरावरच्या बॉबस्लेच्या काँक्रीट मार्गाआडून शहरावर तोफा डागल्या गेल्या. झेत्रा जळालं, त्याच्या लाकडी आसनांच्या शवपेट्या केल्या गेल्या, आणि शेजारच्या मैदानात कबरी खणल्या.

लिलेहामरच्या उद्घाटनाला १९९४ मध्ये वेढा चालूच होता. सगळं स्टेडियम साराएव्होसाठी उभं राहून स्तब्ध झालं. आणि त्या स्पर्धेत बोस्नियाची चौघांची बॉबस्ले उतरली, तिच्यात दोन बोस्नियाक, एक क्रोएट आणि एक सर्ब असे, युद्धात एकमेकांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या समाजांतले चौघे एकामागोमाग एक बसले होते.

बर्फ न पडणारे देशही खेळतात का?

खेळतात. १९८८ मध्ये कॅलगरीला जमैकाची बॉबस्ले उलटली, तेव्हा चौघं उठले आणि गाडीच्या बाजूनं चालत शेवटच्या रेषेपर्यंत आले. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. दक्षिण गोलार्धाला पहिलं सुवर्ण मिळायला मात्र २००२ उजाडलं. स्पीड स्केटिंगच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी शेवटच्या वळणापर्यंत सगळ्यांच्या मागे होता, पुढचे चौघेही एकमेकांत अडकून पडले आणि तो शांतपणे रेषा ओलांडून गेला. नशीबवान म्हणून त्याची गोष्ट सांगतात. पण १९९४ मध्ये स्केटच्या पात्यानं त्याची मांडी फाटून १११ टाके पडले होते, २००० मध्ये मान मोडली होती. तरी तो पुन्हा बर्फावर उभा राहिला, हा भागही सांगायला हवा.

भारत कधीपासून खेळतोय? पदक मिळालंय का?

पदक अजून नाही. पहिला सहभाग १९६४ चा. पोलिश वंशाचा जेरेमी बुयाकोव्स्की हा स्कीपटू एकटाच भारताकडून उतरला, १९६८ मध्येही तोच. मग वीस वर्षं कुणी नाही. १९८८ मध्ये शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळणारी पहिली भारतीय स्त्री ठरली.

नंतर आला शिवा केशवन. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा. वडील केरळचे, आई इटालियन. शाळेत असताना पंचकुलाला ल्यूजचं एक शिबिर झालं, त्यात त्यानं पहिली गाडी चालवली, तीही चाकांची, कारण बर्फाचा मार्ग देशात नव्हताच. आजही नाही. १६ व्या वर्षी तो नागानोला पोहोचला. पुढे हिमालयातल्या घाटरस्त्यावर चाकं लावलेल्या ल्यूजवर पाठीवर झोपून, समोरून येणाऱ्या ट्रकांना आणि मेंढ्यांच्या कळपांना चुकवत तो सराव करायचा. इटलीकडून खेळायची संधी त्यानं नाकारली. १९९८ ते २०१८ अशी सलग सहा ऑलिंपिक तो भारताकडून खेळला. त्यात त्याचा सर्वोत्तम क्रमांक २५ वा, तुरिनला २००६ मध्ये. मुंबई-पुण्याहून मनालीला जाणारी आपली मंडळी वशिष्ठच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून येतात. पुढच्या खेपेला त्या गावचा हा माणूसही आठवावा.

२०१४ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती, म्हणून आपले तिघे खेळाडू उद्घाटनाला तिरंग्याशिवाय, ऑलिंपिक ध्वजाखाली चालले. स्पर्धा चालू असतानाच निलंबन उठलं आणि समारोपाला तिरंगा दिसला. खेळाडूंचा यात काडीचाही दोष नव्हता. २०२२ मध्ये बीजिंगला गुलमर्गजवळचा आरिफ खान हा एकटाच भारतीय होता. गलवानच्या चकमकीत सामील झालेल्या चिनी लष्करी अधिकाऱ्याला मशालवाहक केल्यामुळे भारताच्या राजदूतावासानं सोहळ्यांवर बहिष्कार घातला आणि दूरदर्शननं ते दाखवले नाहीत. त्या सगळ्या गदारोळात आरिफ जायंट स्लालम या उतारावरच्या स्कीइंगच्या प्रकारात ४५ वा आला.

महाराष्ट्रातून कुणाला हे खेळ खेळता येतील?

स्कीइंगसाठी गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळचं सोलांग गाठावं लागेल. स्केटिंगची वाट जवळची आहे. आपल्याकडे शहरोशहरी मुलं चाकांच्या स्केटवर वाढतात आणि त्यातली काही पुढे बर्फावर उतरतात. खेलो इंडियाच्या लेहमधल्या हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या स्केटरनी पदकं मिळवली आहेत. देहरादूनचं बंद पडलेलं आइस स्केटिंग सभागृह २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं, हीसुद्धा चांगली बातमी.

यजमानपद मिळूनही कुणी नाकारलं आहे का?

एकदाच. १९७६ ची स्पर्धा अमेरिकेतल्या डेन्व्हरला दिली होती. खर्च आणि डोंगरांची नासधूस या कारणांवरून कोलोरॅडोच्या मतदारांनी १९७२ मध्ये पैसे द्यायला नकार दिला आणि स्पर्धा इन्सब्रुकला गेली. उलट सॉल्ट लेक सिटीनं २००२ चं यजमानपद मिळवताना समिती सदस्यांना भेटी, शिष्यवृत्त्या, सहली दिल्याचं उघड झालं आणि १९९९ मध्ये सदस्यांची हकालपट्टी झाली. सोचीचा खर्च तर ५० अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचं सांगितलं जातं.

या स्पर्धेत मृत्यू झाले आहेत का?

झाले आहेत. १९६४ मध्ये सरावात दोघे गेले, एक ल्यूजपटू आणि एक स्कीपटू. २०१० मध्ये उद्घाटनाच्याच दिवशी जॉर्जियाचा २१ वर्षांचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली सरावात शेवटच्या वळणावर बाहेर फेकला गेला आणि पोलादी खांबावर आदळला. त्यानंतर पुरुषांची शर्यत खालच्या जागेवरून, कमी वेगानं घेतली. हे आधीच का सुचलं नाही, हा प्रश्न उरतोच.

हिवाळी पॅरालिंपिक कधी सुरू झालं?

१९७६ मध्ये स्वीडनमधल्या ऑर्नशोल्ड्सविकला. १९९२ पासून ते ऑलिंपिकच्याच यजमानाकडे भरतं.

सर्वात यशस्वी देश कोणता?

नॉर्वे. लोकसंख्या साधारण ५५ लाख. २०१८ मध्ये त्यांनी ३९ पदकं नेली आणि त्यांची मारित ब्योर्गेन स्वतःच्या १५ व्या पदकावर पोहोचली.

पुढची स्पर्धा कुठे?

२०२६ ची मिलान आणि कोर्तिनाला दिली गेली, तिच्यात स्की माउंटेनीअरिंग हा खेळ नव्यानं आला. २०३० मध्ये फ्रान्सचे आल्प्स आणि २०३४ मध्ये पुन्हा सॉल्ट लेक सिटी.

आणि आत्याचा प्रश्न : ते बर्फावर झाडू का मारतात?

तो खेळ कर्लिंग. दगड ग्रॅनाइटचा, वजन वीस किलोच्या आत. चांगला ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या छोट्या बेटावरून येतो. खेळायच्या आधी बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडतात, ते गोठून त्याचे बारीक खडे होतात आणि दगड त्यांच्यावरून सरकतो. झाडू जोरात घासला की खड्यांची टोकं क्षणभर गरम होतात, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. कचरा निघाला तर निघाला, पण मुख्य काम हे.

हा खेळ शामोनीतही झाला होता. ब्रिटनच्या नावानं खेळलेल्या स्कॉटिश संघानं सुवर्ण जिंकलं होतं. पण नंतर सगळ्यांनी ते प्रदर्शनी सामने समजून बाजूला ठेवलं. ती पदकं अधिकृतच होती, हे आंतरराष्ट्रीय समितीनं मान्य केलं २००६ मध्ये, बयाऐंशी वर्षांनी. तेव्हा आत्या, पुढच्या वेळी सामना बघताना आवाज बंद ठेवू नकोस. दगड सोडणारी जी जिवाच्या आकांतानं ओरडत असते ना, ती झाडूवाल्यांना सांगत असते, अजून घासा, अजून, आता थांबा.